साक्षीचे सूर

अमेरिकेच्या पश्चिम मुलखातील घोडेस्वारांच्या ज्या चित्रपटांना आपणही ‘वेस्टर्न’ याच नावाने ओळखतो, त्यांना दीर्घकाळ लाभले ते विजयाचे संगीत. जेरोम मॉरॉस यांनी 1958 साली ‘द बिग कंट्री’साठी आणि एल्मर बर्नस्टाइन यांनी 1960 साली ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’साठी योजलेला भव्य वाद्यवृंद ऐकताना ती अफाट भूमी दप्तरी आपल्याच नावे दाखल झाली आहे, असा आवेश अंगात संचारतो. ते संगीत थोर खरेच. परंतु कथानक विस्मरणात गेल्यावरही मनात रेंगाळणारी विषण्णता त्यात नाही. ती आणली रोमच्या एन्निओ मोरिकोने यांनी.

1964 साली ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ घेऊन दिग्दर्शक सर्ज्यो लिओने हे बालपणीचे शाळासोबती त्यांच्याकडे आले, तेव्हा मोठ्या वाद्यवृंदाचा खर्च झेपणारा नव्हता. आणि मग अलेस्सांद्रो अलेस्सांद्रोनी यांची शीळ, चाबकाचा फटकारा, घंटा आणि गिटार एवढ्या सामग्रीवर जे उभे राहिले, त्यात निरुपायाचे रूपांतर शैलीत झाले. वाद्यवृंद रिकामा माळ भरून टाकतो. एकटी शीळ त्याचे रितेपण ऐकवते.

तथापि त्यांची खरी प्रतिभा मला अन्यत्र दिसते. ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’मध्ये (1965) करुण सूर उमटतो तो पात्रांच्या खिशातील घड्याळातून. दरोडेखोर इंदियो ते उघडतो, किणकिण मंदावत थांबते आणि गोळी सुटते. पण ज्या तरुणीपाशी ते घड्याळ होते, तिने त्याच्या अत्याचारापायी प्राण दिला होता आणि समोर उभा कर्नल तिचा भाऊ आहे, हे उलगडल्यावर तीच किणकिण खटल्यात पुढे ठेवलेल्या मुद्देमालासारखी साक्ष देऊ लागते.

‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’चे (1968) संगीत तर चित्रीकरणाआधीच तयार होते आणि ते सेटवर वाजवले जाई. पती मारला गेल्याचे ठाऊक नसलेली जिल स्थानकाबाहेर पडते, कॅमेरा छपरावरून वर चढत नगर दाखवतो आणि एड्डा डेल’ऑर्सो यांचा शब्दहीन कंठ उंचावत जातो. येथे मानवी आवाजही वाद्यच झाला आहे. याच चित्रपटातील कुटुंबहत्येचा पडसाद 1975 च्या ‘शोले’त उमटला. लिओने यांच्या या चित्रपटाप्रमाणे त्यातही माउथ ऑर्गन आहे. परंतु दिवे मालवणाऱ्या विधवेसाठी राहुलदेव बर्मन यांनी भानू गुप्ता यांच्याकडून वाजवून घेतलेली ती धून अव्यक्त प्रीतीची आहे. लिओने यांच्या नायकाच्या माउथ ऑर्गनला धड चालही नाही, केवळ गुदमरता श्वास आहे. गळ्यात फास असलेला थोरला भाऊ खांद्यांवर तोलून उभ्या असलेल्या पोराच्या तोंडात ते वाद्य खुनी फ्रँकने कोंबले होते. अखेरच्या द्वंद्वात गोळी लागून पडलेला फ्रँक ‘तू कोण’ असे विचारतो, तेव्हा नायक तेच वाद्य त्याच्या तोंडात देतो. फ्रँकचा अखेरचा श्वास त्यातूनच वाजतो. वेस्टर्न चित्रपटांच्या संपूर्ण संगीतात याहून करुण स्वर मी ऐकलेला नाही.