सोडणार कुठे, त्याआधी

फेब्रुवारी २०१९मध्ये ठाण्याच्या कोरम मॉलमध्ये बिबट्या शिरला, नोव्हेंबर २०२२मध्ये कल्याण पूर्वेतल्या एका इमारतीत. बिबट्या पिंजऱ्यात गेला, की चर्चा एकाच प्रश्नाची होते: आता याला सोडणार कुठे? त्याच्या अंगात काय आहे, हे क्वचितच विचारले जाते. माझ्या मते ते आधी विचारायला हवे. जनावर हलवले, की त्याचे विषाणू, जंत, गोचिडही त्याच्यासोबत हलतात, आणि पिंजऱ्यातल्या मुक्कामात नवे चिकटतात ते वेगळेच. नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात डिसेंबर २०२४मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. वाघ माणसांशी झालेल्या संघर्षामुळे चंद्रपूरकडून तिथे आणले होते. संशय होता तो खाऊ घातलेल्या कोंबडीवर. आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूरच्या वेहळोलीत, २०२२मध्ये याच रोगाने कोंबड्या मेल्या होत्या. म्हणजे बचाव केंद्रात पहिली तपासणी खाटकाकडून येणाऱ्या मांसाचीच व्हायला हवी.

यावर कुणी म्हणेल, ठाण्याला लागून असलेल्या येऊरच्या जंगलातले बिबटे भटकी कुत्री खातातच, त्यांना रोगाचे काय नवल? पण २०१८मध्ये गीरमध्ये वीसहून अधिक सिंह मेले तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला त्यांच्या नमुन्यांत सापडला तो कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपरचाच विषाणू. शिवाय येऊरमध्ये जे मुरलेले आहे, ते खाडीपलीकडच्या तुंगारेश्वरच्या जंगलात असेलच असे नाही. पिंजऱ्याची गाडी ते तिथवर नेऊ शकते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तपासणीसाठी बिबट्याला अडकवून ठेवले, तर तो गजांवर सुळे मोडून घेतो, ताणाने खंगतो आणि खंगलेल्या अंगात रोग लवकर शिरतो. हे खरेच आहे, म्हणून सरसकट महिनाभर विलगीकरणाचा आग्रह मला पटत नाही. पण पकडताना अनेकदा भूल द्यावी लागते. त्याच वेळी रक्त, नाकातोंडातला स्राव आणि गोचिड घेता येतात. त्यासाठी एक दिवसही जास्त लागत नाही. धडधाकट दिसणारे जनावर जिथे पकडले त्याच्या जवळच्याच जंगलात लगेच सोडावे, अहवाल मागाहून आला तरी चालेल, कारण तिथले जंतू त्याच्या ओळखीचेच असतात. आजारी, दीर्घकाळ कोंडलेले किंवा दूर न्यायचे जनावर मात्र अहवालाशिवाय हलवू नये. येऊरच्या पाड्यांवरच्या कुत्र्यांना रेबीजसोबत डिस्टेंपरचीही लस टोचणे, हे काम तर बिबट्या पकडला जाण्याची वाट न पाहता आजही सुरू करता येईल.