मॉइलचा पीई: कमी आकडा नेहमी स्वस्त नसतो

‘पीई कमी झाला, म्हणजे शेअर स्वस्त झाला.’ खाण कंपनीत पैसे घालणाऱ्याला यापेक्षा महागात पडणारा समज मला माहीत नाही.

पीई म्हणजे शेअरचा भाव भागिले एका शेअरमागची वर्षाची कमाई. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथे मँगनीज काढणारी मॉइलच घ्या. 2010-11 मध्ये कंपनीचा नफा सुमारे 588 कोटी होता, शेअरमागे 35 रुपये. 2015-16 मध्ये तो 173 कोटींवर आला, शेअरमागे जेमतेम 10 रुपये. समजा, दोन्ही वेळी भाव 250 होता. मग पीई पहिल्यांदा 7 निघतो, दुसऱ्यांदा 25. स्वस्त वाटणारा आकडा नफा शिखरावर असतानाचा आणि महाग वाटणारा तळाचा!

खाणी त्याच, मग नफा एवढा का घसरला? मँगनीज लागते मुख्यतः पोलादाला. जगात पोलादाची मागणी मंदावली की खनिजाचा दर कोसळतो. पण चिखल्याच्या भूमिगत खाणीतले पाणी उपसावेच लागते, पगार द्यावेच लागतात. म्हणून दरापेक्षा नफा कितीतरी जास्त खाली येतो, आणि दर चढला की तसाच उसळतो. मार्च 2024 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ग्रूट आयलंड बेटावर चक्रीवादळाने मँगनीज चढवण्याचा धक्का मोडला, जगभर दर वाढले आणि मॉइलचा शेअर काही महिन्यांत 500 च्या वर गेला. भाव पुढच्या नफ्याकडे बघून धावत होता, पीईत मात्र कमाई मागच्याच वर्षाची होती. धानाची शेती विकत घेताना कोणी एका भरघोस हंगामावर किंमत ठरवत नाही, चार-पाच वर्षांचे पीक विचारतो. खाणीच्या शेअरचा भावही सात-आठ वर्षांच्या सरासरी कमाईशी ताडावा.

दुसरी चूक जुन्या भावाशी तुलना करण्याची. डिसेंबर 2010 च्या आयपीओत शेअर 375 ला मिळाला. 2017 मध्ये एकास एक बोनस आला, म्हणजे आजच्या हिशेबाने तो भाव 187.50. बोनसने भाव आणि शेअरमागची कमाई दोन्ही निम्मी होतात, पीई जागचा हलत नाही.

बायबॅकचे, म्हणजे कंपनीने स्वतःचेच शेअर परत विकत घेण्याचे, मात्र तसे नाही, आणि इथे बारकाईने पाहायला हवे. बोनस धरून मॉइलचे 33.6 कोटी शेअर असते. 2016 पासूनच्या फेरखरेद्यांनंतर ते 20.35 कोटी उरले. त्यामुळे 2024-25 चा नफा सुमारे 382 कोटी, म्हणजे 2010-11 पेक्षा खूप कमी, तरी शेअरमागची कमाई (बोनस धरून) 17.50 वरून 18.80 च्या आसपास गेली. नुसता शेअरमागच्या कमाईचा आलेख पाहणाऱ्याला वाटेल, खाणीच जास्त कमवू लागल्या. शिवाय मंदीच्या वर्षांत नफ्याला मोठा आधार होता तो बँकेतल्या ठेवींच्या व्याजाचा. फेरखरेदीत जी रोकड गेली, तिचे व्याजही तिच्याबरोबर गेले.