एकाच माडाचे तीन रस

गुहागरला व्याडेश्वराचे दर्शन घेऊन समुद्राकडे निघालात की माड-पोफळीची आगरे लागतात. माड म्हणजे नारळ, एवढेच आपण धरून चालतो. पण याच झाडाचा रस सकाळी नीरा असतो, दुपारी माडी होतो आणि पुढे शिरका!

न उमललेली पोय दोरीने आवळून बांधतात, हलक्या हाताने ठोकतात आणि रोज तिच्या टोकाचा पातळ काप काढतात. थेंबथेंब रस मडक्यात जमतो. पहाटेचा रस चाखाल तर गोड लागेल. उन्हे चढली की हवेतले व मडक्यातले यीस्ट साखर खाऊ लागते. रस फेसाळतो, आंबूस होतो. अंमल साधारण बिअरइतका. आणखी राहिला तर शिरका होतो. नीराच हवी तर मडक्याला आतून चुना लावतात; त्याने आंबणे लांबते. गोव्यात हीच माडी 'सुर' म्हणून सान्नांच्या पिठात पडते.

कोकणात हे कसब भंडारी समाजाने पिढ्यान्पिढ्या जपले. रोज दोनतीनदा माडावर चढायचे. पाय घसरला तर जिवावरच बेतते.

तुमच्या आगरात माड असतील तर आधी हिशेब मांडा. जी पोय रसाला दिली, तिला नारळ धरत नाही. शिवाय १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय माडी काढता वा विकता येत नाही. आणि घरच्याच माणसाच्या हाती पेला वारंवार दिसू लागला, तर झाडाची कमाई घरात येत नाही, हेही विसरू नका.