जालना ते जांब समर्थ, सायकलवर

थंडीत सायकली काढणार असाल तर अंबड, घनसावंगीमार्गे जांब समर्थला चला. समर्थ रामदासांचं हे जन्मगाव. 1608 च्या रामनवमीला नारायण सूर्याजी ठोसर इथे जन्मले. बाराव्या वर्षी लग्नमंडपातून निघालेलं हे पोर नाशिकपर्यंत गेलं, टाकळीला बारा वर्षं तप केलं आणि मग देशभर पायी हिंडलं! आपल्याला निदान गिअर तरी आहेत.

वाटेत अंबडला मत्स्योदरी देवीची टेकडी चढाच. पावसाळ्यात मात्र आडवाटेला जाऊ नका, काळी माती चाकं जाम करते. बाभळीच्या काट्यांसाठी जादा ट्यूब हवीच. उसाच्या ट्रॉल्यांपासून लांब राहा आणि अंधाराआधी मुक्काम गाठा. कोण कोण येतंय? कमेंटमध्ये कळवा.