सात किलो परिग्रहाची दिवाळी

व्यापारी घरातील तरुणाने ऐन दिवाळीत दुकानात नसणे ही लहानसहान गोष्ट नव्हे. वर्षाच्या विक्रीचा मोठा हिस्सा त्या पंधरा दिवसांत होतो आणि अमावास्येच्या वहीपूजनास घरातील प्रत्येकाने हजर असावे, हा आमच्याकडचा अलिखित नियम. त्यामुळे २०२३ च्या श्रावणात माझ्या पुतण्याने "या दिवाळीत मी पाठीवर सॅक टाकून जपानला जाणार" असे जाहीर केले, तेव्हा घरात दोन दिवस कोणी कोणाशी धड बोलले नाही. दिवाळीनंतर लग्नसराई, मग मार्चअखेर. दुकानाला मोकळा महिना कधी असतो, हा त्याचा प्रश्न बिनतोड होता. धाकटा भाऊ मला म्हणाला, "दादा, तुम्हीच समजवा याला." समजवायला गेलो आणि आईच्या एका अटीने मीच गुंतलो : "जायचेच असेल तर मोठ्या काकांना बरोबर ने."

बँकेतून निवृत्त झाल्यावर सामूहिक शयनगृहातील वरच्या बाकावर शिडीने चढून झोपण्याचा योग येईल, असे कधी वाटले नव्हते. स्वस्त विमानात हातातील सामानाला साधारणतः सात किलोंची मर्यादा असते. पुतण्याने सांगितले, दोन आठवडे तेवढ्यावरच काढायचे. तराजू घेऊन बसलो. खाखरे, मेतकूट, भाजलेले पोहे, सुंठ आणि मूगडाळ मिळून अडीच किलो. औषधे, सामायिकाचे आसन, माळ आणि एक छोटी पोथी. उरलेल्या वजनात कपडे. तेव्हा मनात आले, परिग्रह-परिमाण हे पाचवे अणुव्रत आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण आपल्याला नेमके किती पुरते, हे प्रत्यक्ष तोलून पाहण्याची वेळ पहिल्यांदाच आली. परिग्रह-परिमाणाबरोबर आपल्या आचार्यांनी गृहस्थाला दिग्व्रतही सांगितले आहे. कोणत्या दिशेला किती दूर जायचे, याची मर्यादा आधीच ठरवायची. पूर्वजांना प्रवासाचे भय नव्हते. अमर्याद प्रवासाबरोबर अमर्याद लोभ वाढतो, हे त्यांनी ओळखले होते.

जपानमध्ये आपल्या आहाराची खरी परीक्षा मांसाच्या तुकड्यात नसते, ती रश्श्यात असते. 'दाशी' नावाचा अर्क तिथल्या स्वयंपाकाचा पाया आहे आणि तो बहुधा वाळवलेल्या माशाच्या किसापासून काढतात. दिसायला निव्वळ भाजी असलेल्या वाटीतही तो असतो. "मासे नकोत" एवढे सांगून भागत नाही. "माशाचा अर्कही नको" हे जपानी लिपीत लिहिलेला कागद खिशात ठेवावा लागतो. पुतण्याने तो आधीच करून घेतला होता. हॉस्टेलच्या सामाईक स्वयंपाकघरात आम्ही स्वतंत्र भांड्यात भात आणि मूगडाळ शिजवत असू. नोव्हेंबरात तिथे सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, म्हणून चौविहारासाठी साडेचारलाच जेवायला बसावे लागे. इतर मुले रात्री नऊला स्वयंपाकाला लागत, तेव्हा आमची भांडी कधीच वाळलेली असत. एका तरुणाने कारण विचारले. पुतण्याने जीवदयेचे कारण दोन वाक्यांत नीट सांगितले. घरी हाच मुलगा कधीकधी उशिरा जेवायला टाळाटाळ करीत नसे, हे मला आठवले.

दिवाळीसाठी आम्ही कोबे शहर निवडले होते. मोत्यांच्या व्यापारासाठी तिथे भारतीय कुटुंबे स्थिरावली आणि कितानो भागात १९८५ मध्ये संगमरवरी जैन मंदिर उभे राहिले. सान्नोमिया स्थानकापासून चढ चढत जावे लागते. मागे रोक्को डोंगर आणि खाली बंदर. जपानी घरांच्या गल्लीत अचानक शिखर दिसले, तेव्हा पुतण्या थबकला आणि रस्त्यातच त्याने हात जोडले. आत भगवंतांपुढे बसलो असता मनात एकच विचार होता. आपली दिवाळी मुळात निर्वाणाची. पावापुरीला आश्विन अमावास्येच्या पहाटे भगवान महावीरांनी देहाचाही परिग्रह सोडला. त्याच घटनेपासून आपले संवत मोजले जाते आणि त्या दिवाळीला वीर निर्वाण संवत २५५० सुरू होत होते. सर्वस्व सोडल्याचा हा दिवस आपण सर्वाधिक खरेदी करून साजरा करतो, हे मला त्या दिवशी खरोखर टोचले.

परंतु सात किलोंच्या पिशवीला त्याग म्हणून मिरवण्याचा मोह मी टाळला. आयुष्य ज्याचे हिशेब तपासण्यात गेले, त्याला दुसरी बाजूही पाहावी लागते. आमच्या खिशात परतीचे तिकीट होते, बँकेचे कार्ड होते. आमची पाठ हलकी होती, कारण गावी एक माणूस आमच्या वाट्याचा भार उचलून गल्ल्यावर उभा होता. रात्री दहाला हॉस्टेलच्या जिन्यात बसून आम्ही फोनवर वहीपूजन पाहिले. गावी साडेसहा वाजले होते. भावाने वहीवर 'श्री' लिहिली. कॅमेरा सरकला तेव्हा पाटापाशी पुतण्याची जागा रिकामी ठेवलेली दिसली. तिच्यापुढे कुंकवाचे बोट लावलेले पेन होते. पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "काका, पप्पा दिवाळीला दुकान सोडून कुठे गेलेत, असे कधी झाले आहे का?" मला एकही वर्ष आठवेना.

ज्या घरांतील मुले सणासुदीत अशी बाहेर पडू इच्छितात, त्यांच्या वडीलधाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते : परवानगी देताना तारखांपेक्षा नियमांची चर्चा करावी. रात्रीच्या भोजनाचे काय, अभक्ष्य कसे टाळणार, दर्शन कुठे घेणार, हे मुलाने स्वतः शोधून सांगावे. जो ते शोधतो, तो घरापासून दूर गेलेला नसतो. आणि मुलांनी जाण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा : माझ्या जागी कोण उभे राहणार आहे?

२०२४ च्या दिवाळीत भाऊ आणि वहिनी निर्वाण लाडूसाठी पावापुरीला गेले. जलमंदिराच्या काठावरून भावाने फोन केला, तेव्हा आवाज नीट येत नव्हता आणि दुकानात गर्दी होती. गल्ल्यावर पुतण्या होता. रोकड मोजायला मी बसलो होतो.