हात थरथरतोच!

फायरिंगला जाते म्हटलं की हॉस्टेलवर दोनच प्रश्न येतात. "आवाज केवढा होतो गं?" आणि "हात थरथरत नाही का?" आवाजाचं सोडा. हात थरथरतो, सगळ्यांचाच. आमच्या एन.सी.सी.च्या दोन ज्युनियर मुली याच कारणासाठी टीममधून नाव काढायला निघाल्या आहेत, आणि यादी या महिन्यात जायची आहे. म्हणून हा लेखनप्रपंच. (माझं मराठी कॉन्व्हेंट छाप आहे, सांभाळून घ्या.)

मुद्दा एवढाच की रायफल हातांनी धरायची नसते, हाडांवर टेकवायची असते. स्नायू दमतो आणि दमला की थरथरतो. हाड दमत नाही. फर्स्ट इयरला मेकॅनिक्समध्ये सपोर्ट रिअॅक्शन्स मार्कांपुरत्या काढल्या, त्या इथे अंगावर काढायच्या.

थोडी थरथर किती महाग पडते बघा. रेंज २५ यार्डांची, म्हणजे साधारण २३ मीटर. पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये समजा ६० सेंमी अंतर आहे. पुढची साइट १ मिमी हलली की समरूप त्रिकोणांच्या हिशेबाने गोळी जवळजवळ ४ सेंमी सरकते. संपलं ग्रुपिंग!

लाइंग पोझिशन सगळ्यात सोपी, कारण पोट आणि दोन्ही कोपरं जमिनीला टेकलेली. फक्त डावं कोपर जमेल तितकं रायफलच्या खाली हवं. खरी गंमत पुढे आहे. शिस्त घ्या (नेम धरण्याला एन.सी.सी.त शिस्त घेणं म्हणतात, मला हा शब्द जाम आवडतो), डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. नेम बाजूला गेलेला दिसेल. तो हाताने ओढून आणायचा नाही. डावं कोपर जागेवर ठेवून बाकी अख्खं शरीर थोडं फिरवायचं. ओढून आणलेला नेम ट्रिगर दाबताना परत स्वतःच्या जागी पळतो, आणि आपण साइटला शिव्या घालतो. ही टेस्ट प्रत्येक पोझिशनला करायचीच. बसून, उभ्याने, कशीही.

नीलिंगला टेकू तीन: उजवा गुडघा, उजवा चवडा, डावा तळपाय. मेसचं चार पायांचं टेबल डुगडुगतं, तिपाई कधीच नाही, तसंच हे. पण कोपराचं टोक गुडघ्याच्या वाटीवर ठेवाल तर दोन गोल हाडं एकमेकांवरून घसरतील. कोपर वाटीच्या जरा पुढे न्या, म्हणजे दंडाचा सपाट भाग गुडघ्यावर बसेल.

स्टँडिंगला खाली फक्त दोन बूट, आणि गुरुत्वमध्य वर. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ जिंकलं. त्याचे पात्रता फेरीतले आकडे पाहा: नीलिंग १९८, प्रोन १९७, स्टँडिंग १९५. प्रत्येकी २०० पैकी! ऑलिंपिक मेडलवाल्याचेही उभ्याने सगळ्यात कमी. त्या प्रकारात उभ्याने स्लिंगही वापरता येत नाही. नेमबाज कंबर पुढे काढून डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवतात.

तरीही साइट टार्गेटभोवती गिरक्या घेतच राहते. घेऊ द्या. "आता!" म्हणून झटका दिला की गोळी गेलीच बाहेर. अर्धा श्वास सोडून थांबा आणि गिरक्या चालू असतानाच ट्रिगरवरचा दाब हळूहळू वाढवा. आठ-दहा सेकंदांत गोळी सुटली नाही तर रायफल खाली, श्वास, पुन्हा पहिल्यापासून.

रेंजवर गोळ्या मोजून मिळतात आणि रायफल हॉस्टेलवर आणता येत नाही, पण पोझिशनला दोन्ही लागत नाहीत. झाडूचा दांडा घ्या, भिंतीवर एक टिंब काढा आणि रोज पंधरा मिनिटं ती डोळे मिटायची टेस्ट तिन्ही पोझिशन्समध्ये करा. रेक्टर मॅडम आल्याच तर आधी दांडा खाली, मग खुलासा.