शीत संमीलन : दावा, वाद आणि पुरावा



विज्ञान प्रदर्शनाचे दिवस जवळ आले की काही प्रश्न हमखास येतात. "सर, चुंबकावर अखंड फिरणारा पंखा करता येईल का?" "पाण्यावर मोटार चालते, हे खरे आहे का?" मोबाईलवर अशा चित्रफिती पुष्कळ दिसतात. त्यांत बहुधा असेही सांगितलेले असते की हा शोध मोठ्या कंपन्यांनी दडपून ठेवला आहे. "हे सारे खोटे" असे म्हणून मुलांना गप्प करणे सोपे आहे. पण त्यातून मुले काहीच शिकत नाहीत, आणि पुढचा दावा आला की पुन्हा फसतात. म्हणून या लेखात एका गाजलेल्या दाव्याची ओळख करून घेऊ. जगभरातील शास्त्रज्ञांनी तो तपासला, आणि त्यांत मुंबईचे भाभा अणुसंशोधन केंद्रही होते.

संमीलन म्हणजे काय?

आपल्या सुरतेजवळच्या काकरापार अणुवीज केंद्रात युरेनियमचे जड केंद्रक फुटते आणि त्यातून ऊर्जा मिळते. याला विखंडन म्हणतात. याच्या उलट क्रिया म्हणजे संमीलन. दोन हलकी केंद्रके एकत्र येऊन जड केंद्रक बनते व ऊर्जा बाहेर पडते. सूर्य याच क्रियेवर तळपतो.

संमीलनासाठी सोयीचे इंधन म्हणजे ड्युटेरियम, हायड्रोजनचा जड भाऊ. समुद्राच्या पाण्यातील सुमारे साडेसहा हजार हायड्रोजन अणूंमागे एक ड्युटेरियमचा असतो. ज्या पाण्यात साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असते, ते जड पाणी. काकरापारच्या अणुभट्ट्यांत हेच जड पाणी वापरतात, आणि ते तयार करणारा एक कारखाना आपल्या हजिऱ्यात आहे.

अडचण अशी की दोन्ही केंद्रकांवर धनभार असतो, त्यामुळे ती एकमेकांना दूर ढकलतात. त्यांना जवळ आणायचे तर प्रचंड वेग, म्हणजेच प्रचंड तापमान लागते. सूर्याच्या गाभ्यात ते सुमारे दीड कोटी अंश सेल्सिअस आहे. पृथ्वीवरील यंत्रांत दहा कोटी अंशांच्याही वर जावे लागते. गांधीनगरजवळ भाट येथील प्लाझ्मा संशोधन संस्थेत 'आदित्य' नावाचे यंत्र १९८९ मध्ये सुरू झाले, ते याच अवघड वाटेवरचे एक पाऊल होते.

२३ मार्च १९८९

त्याच वर्षी २३ मार्चला अमेरिकेतील यूटा विद्यापीठात मार्टिन फ्लाइशमन आणि स्टॅन्ली पॉन्स या दोन रसायनशास्त्रज्ञांनी पत्रकार परिषद घेतली. जड पाण्यात पॅलेडियम धातूची कांडी ऋण अग्र म्हणून बुडवून वीज सोडली, तेव्हा दिलेल्या विजेपेक्षा जास्त उष्णता मिळाली, असे त्यांनी सांगितले. पॅलेडियम हा धातू हायड्रोजन वायू मोठ्या प्रमाणात शोषून घेतो. धातूच्या आत ड्युटेरियमची केंद्रके साध्या तापमानालाच एकत्र येतात, असा त्यांचा दावा होता. यालाच 'शीत संमीलन' हे नाव पडले.

विचार करा, टेबलावरच्या काचेच्या भांड्यात सूर्य! जगातील शेकडो प्रयोगशाळा कामाला लागल्या.

ट्रॉम्बे येथे काय झाले?

त्या वेळी भाभा केंद्राचे संचालक डॉ. पी. के. अय्यंगार होते. डॉ. एम. श्रीनिवासन यांच्यासह सुमारे ५० शास्त्रज्ञ व अभियंत्यांनी वेगवेगळ्या गटांत हे प्रयोग केले. जड पाण्याचा व ट्रिटियम मोजण्याचा त्यांना दांडगा अनुभव होता. डिसेंबर १९८९ मध्ये त्यांचा अहवाल निघाला. अनेक प्रयोगांत न्यूट्रॉन व ट्रिटियम आढळल्याचे त्यात नोंदवले होते.

पण त्या नोंदींतच एक कोडे होते. ड्युटेरियमच्या नेहमीच्या संमीलनात ट्रिटियम आणि न्यूट्रॉन जवळजवळ सारख्या संख्येने तयार होतात. इथे ट्रिटियम न्यूट्रॉनच्या सुमारे दहा कोटी पट दिसत होते. समर्थक म्हणाले, ही अगदी नवी क्रिया असली पाहिजे. टीकाकार म्हणाले, ट्रिटियम बाहेरून आले नसेल कशावरून? पुढे १९९० च्या दशकात केंद्रातील हे काम थांबले.

दोन्ही बाजू ऐकू या

समर्थकांचे म्हणणे असे : धातूत ड्युटेरियम पुरेसे भरले गेले तरच परिणाम दिसतो. पॅलेडियमचा प्रत्येक तुकडा सारखा नसतो, म्हणून काहींना यश येते व काहींना येत नाही. आजचा सिद्धान्त सांगत नाही एवढ्यावरून निसर्गात ती गोष्ट नाहीच, असे म्हणता येत नाही.

विरोधकांचे म्हणणे असे : एक वॅट उष्णता खरोखर नेहमीच्या संमीलनातून येत असेल, तर दर सेकंदाला सुमारे एक लाख कोटी न्यूट्रॉन बाहेर पडायला हवेत. तसे झाले असते तर भांड्याशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाला धोका होता. शिवाय ज्यांनी काळजीपूर्वक प्रयोग केले, त्यांच्यापैकी बहुतेकांना जादा उष्णता मिळालीच नाही.

उष्णता मोजण्यातील मेख समजायला आपल्या लूम कारखान्याचे उदाहरण घ्या. शंभर किलो सूत दिले आणि एकशेवीस किलो कापड आले, तर मालक लगेच आनंदाने पेढे वाटत नाही. तो आधी काटा तपासतो, मग सुताला लावलेली खळ, मग ओल. या प्रयोगातही उडून गेलेले वायू, त्यांचे पुन्हा पाणी होणे, पाणी नीट न ढवळल्यामुळे एका जागी जास्त दिसणारे तापमान, असे सारे हिशेबात धरावे लागते.

आजची स्थिती

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९८९ मध्ये आणि पुन्हा २००४ मध्ये तज्ज्ञांकडून या दाव्याचा आढावा घेतला. दोन्ही वेळा खात्रीचा पुरावा आढळला नाही. गूगलच्या अर्थसाहाय्याने सुमारे ३० संशोधकांनी २०१५ पासून नव्याने प्रयोग केले. मे २०१९ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्यांनी शीत संमीलनाचा पुरावा मिळाला नाही असे लिहिले, पण धातू व हायड्रोजनविषयी उपयुक्त ज्ञान मिळाल्याचेही नोंदवले. त्यातूनच पुढे कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने पॅलेडियमवर वेगवान ड्युटेरियमचा मारा केला. शिवाय विजेच्या साहाय्याने धातूत आणखी ड्युटेरियम भरले, तेव्हा संमीलनाचे प्रमाण सरासरी १५ टक्क्यांनी वाढले. हे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी पुरावा म्हणून न्यूट्रॉन मोजले, आणि मिळालेली ऊर्जा खर्चाच्या मानाने नगण्य आहे हेही स्पष्ट सांगितले.

म्हणजे प्रश्न विचारणे व्यर्थ गेले नाही. मात्र शीत संमीलनाने घर उजळणारे यंत्र आजही कोठेही नाही.

पालकांसाठी दोन शब्द

चुंबकावर चालणारे जनित्र, पाण्यावर चालणारी मोटार, बिल अर्धे करणारी पेटी अशा वस्तू विकायला येतात. महिन्याच्या पगारातून त्यांवर पैसे घालण्यापूर्वी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

१. पाणी हे इंधन नव्हे. हायड्रोजन जळून झालेली ती राख आहे. त्यातून हायड्रोजन वेगळा करायला जितकी ऊर्जा लागते, त्याहून जास्त तो जाळून परत मिळत नाही.

२. घरगुती मीटर प्रत्यक्ष वापरलेली वीज मोजतो. पेटी लावण्यापूर्वी आणि नंतर, तीच उपकरणे तितकाच वेळ चालवून, मीटरचा आकडा स्वतः लिहून पाहावा.

३. यंत्र स्वतःची वीज स्वतः करते असे सांगितले, तर त्याची बाहेरची वायर व आतली बॅटरी काढून दाखवायला सांगावे. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर उत्तर मिळाले असे समजावे.

वर्गातील वादविवादासाठी

इयत्ता नववी व दहावीच्या विद्यार्थ्यांनी या विषयावर दोन गट करावेत. एकच अट पाळावी : "मोठे शास्त्रज्ञ म्हणाले" हा मुद्दा कोणीही मांडायचा नाही, कारण या वादात मोठे शास्त्रज्ञ दोन्ही बाजूंना होते. प्रत्येक वक्त्याने शेवटी एवढे अवश्य सांगावे की, "कोणता पुरावा मिळाला तर मी माझे मत बदलीन." ज्याला हे सांगता येईल, त्याला विज्ञान समजू लागले असे खुशाल मानावे.